चिऱ्यांवरच्या दोन गाड्या

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "पोहता येतं?"

मी कराडची. दोन नद्यांच्या काठी वाढले, पण आमच्या घरात मुलींना नदी दाखवायची ती पुलावरून. येत नाही म्हणून सांगितलं. त्यावर त्यांनी कीव आल्यासारखं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मंग वरची खोली घे, बाय." खालची खोली रिकामी होती, मोठी होती, तिला वेगळी न्हाणी होती. पण तिचा विषय तिथेच मिटला. १९९८ साली टेलिफोन खात्यात बदली होऊन मी रत्नागिरीला आले आणि पोहता येत नाही एवढ्या एका कारणावरून पुढची सहा वर्षं लाकडी जिना चढत-उतरत राहिले.

आता ते नाहीत, त्यांची बायकोही नाही. त्यांचा विषय निघाला की लोक हसतात. मीही हसते. पण हसून झालं की तो एक पावसाळा आठवतो आणि मला अजूनही राग येतो. एकाच माणसाबद्दलचा राग आणि माया इतकी वर्षं शेजारी शेजारी कशी टिकते, हे मला काही सांगता येणार नाही. दोन्ही आहेत एवढं खरं.

त्यांना सगळे सारंग म्हणायचे. हे नाव नव्हे, हुद्दा. मालवाहू जहाजावर डेकवरच्या खलाशांचा जो मुकादम असतो तो सारंग. उभी हयात त्यांनी परक्या कंपन्यांच्या जहाजांवर काढली होती आणि आता निवृत्त होऊन राजिवड्याच्या बाजूला, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, बापाच्या घरात राहत होते. मी त्यांना चाचा म्हणायचे. त्यांच्या बायकोला सगळी आळी खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, म्हणून मीही खालाच म्हणू लागले.

चाचा जहाजावरून उतरले होते, पण जहाज काही त्यांच्यातून उतरलं नव्हतं. स्वयंपाकघराला ते गॅली म्हणत. घरातल्या प्रत्येक फळीला त्यांनी बोटभर उंचीची कड ठोकून घेतली होती, भांडी घसरू नयेत म्हणून. ते घर शंभर वर्षांत इंचभरही हललेलं नव्हतं. चहाचा पेला कधी काठोकाठ भरलेला चालायचा नाही, अर्धाच लागायचा, मग उरलेला अर्धा पुन्हा मागायचे. सकाळी उठून सगळं अंगण पाणी ओतून खराट्याने घासायचे, मे महिन्यात विहिरीने तळ गाठलेला असला तरी. खाला आतून ओरडायची, "अवो, जमीन हाय ती! धुवून धुवून जाल खाली!" ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

आणि बांधायचे. जे हलतं ते बांधलं पाहिजे हा त्यांचा धर्म. बादल्या, गॅसचा सिलिंडर, कोंबड्यांचा खुराडा, सगळं दोरीने जखडलेलं. एकदा मी अंगणात लावलेली सायकल त्यांनी माडाला बांधली. अशी गाठ मारली की मला ती काही केल्या सुटेना. ऑफिसला उशीर झाला. संध्याकाळी मी तणतणत आले तर म्हणाले, "एका वढीत सुटते. तू उलटी वढलीस." मग त्यांनी ती सोडून दाखवली, पुन्हा बांधली आणि मला सोडायला लावली. मला यायला लागेपर्यंत जेवायला सोडलं नाही.

त्यांची गाडी हा रत्नागिरीत सगळ्यांच्या ओळखीचा विषय होता. सत्तरच्या सुमारास एक गोरं जोडपं युरोपातून जमिनीच्या रस्त्याने गोव्याला निघालं होतं. पावसच्या बाजूला त्यांची व्हॅन बंद पडली. परत येतो म्हणून एका आंबा बागायतदाराच्या कलमांत ती ठेवून ते एसटीने पुढे गेले, ते गेलेच. वीसेक वर्षं ती व्हॅन कलमांखाली उभी होती आणि मोसमात राखणीला येणारे गुरखे तिच्यात झोपत होते. निवृत्त होऊन आलेल्या चाचांनी ती बागायतदाराकडून मागून आणली. मिरकरवाड्यात लाँचची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीला बसवून तिचं इंजिन खोललं. मिळेल तो भाग लाँचचा, न मिळेल तो घडवून घेतलेला. गाडी चालू झाली तेव्हा तिचा आवाज मासे घेऊन बंदरात शिरणाऱ्या लाँचसारखा यायचा.

आत एक माणूस झोपेल एवढा बाक होता, दुमडता येणारं टेबल, बशीएवढी मोरी, एक शेगडी, खिडक्यांना पडदे. सगळ्या फळ्यांना अर्थातच कड. वळण घेताना चाचा जहाजाच्या भोंग्याच्या नियमाने हॉर्न वाजवायचे. उजवीकडे वळायचं तर एकदा, डावीकडे तर दोनदा, मागे घ्यायची तर तीनदा. हा नियम रत्नागिरीत त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हता. मारुती मंदिरच्या चौकातला हवालदार त्यांना हात जोडून म्हणायचा, "चाचा, एक तर वाजवू नका, नाहीतर बाकीच्यांना तरी शिकवा."

परदेशातली गाडी, त्यामुळे तिचं स्टिअरिंग डावीकडे होतं. म्हणजे आपल्याकडे ड्रायव्हर जिथे बसतो तिथे, उजव्या अंगाला, खाला बसायची. पांढरी ओढणी डोक्यावरून घेतलेली, दोन्ही हात मांडीवर ठेवलेली साठीची बाई ड्रायव्हरच्या जागी बसलीय आणि गाडी आपोआप चाललीय, असं समोरून येणाऱ्याला दिसायचं. शाळेतली पोरं रस्त्यात थांबून बघायची. एसटीचे ड्रायव्हर चमकायचे. खालाला याची फार मजा वाटायची. एकदा मला म्हणाली, "सगला जनम मी दारात उभी राहून ह्यांना जाताना बगितलं. आता लोक मना जाताना बगतात."

मी ते ऐकलं तेव्हा ती गाडी मला पहिल्यांदा कळली. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात चाचा जहाजावर गेले होते. मग वर्षातले दोन-तीन महिने घरी, बाकी पाण्यावर. प्रत्येक वेळी निघताना सांगायचे, नोकरी संपली की तुला फिरवीन. खालाचं माहेर अंजनवेल. नकाशात हाताच्या अंतरावर, पण मधे खाड्या, त्यामुळे जाणं म्हणजे एक मोठा वळसा. आईवडील गेल्यावर तिचं तिकडे जाणं थांबलेलंच होतं. चाचा म्हणायचे, तुला या गाडीतून अंजनवेलला नेईन, गडाखाली गाडी उभी करीन आणि तिथे तू मला चहा करून दे. इंजिन काही ना काही काढायचं आणि बेत पुढे जायचा.

आता पावसाळ्याचं सांगते.

मृग लागला की खाडीतल्या होड्या ओढून किनाऱ्यावर घेतात, टेकू देतात आणि माडाच्या झापांनी शाकारतात. नारळी पौर्णिमेपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. चाचाही त्याच दिवसांत अंगणात चार बाजूंना जांभ्याचे चिरे रचायचे, जॅक लावून गाडी त्यांच्यावर चढवायचे, चारही चाकं काढून पडवीत नेऊन ठेवायचे. मग गाडीवर झापं घालायचे, ती दोऱ्यांनी आवळायचे. "जमिनीवर काढली," असं म्हणायचे. गाडी जमिनीवरचीच होती हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी चाचा चाकं बसवायचे. मी चिडवलं की म्हणायचे, "नारल त्यांचा. तारीख सगल्या दर्याची."

पहिली तीन वर्षं मला यात निव्वळ गंमत वाटली. कराडला पत्र लिहायचे त्यात घरमालकांचं हे एक प्रकरण असायचंच.

चौथ्या वर्षी मार्चमध्ये खाला जिन्याखाली उभी राहून मला म्हणाली, "बाय, तुझ्या खोलीच्या दाराला काला पडदा कदी लावलास?" मी पडदा लावलेला नव्हता. तिला साखरेचा आजार जुनाच होता. कोल्हापूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, साखरेमुळे डोळ्याच्या आत नसा फुटताहेत, दोन्ही डोळ्यांत. लेझर करावं लागेल, एकदा करून भागणार नाही, दर महिन्याला यावं लागेल. मधे खंड पडला तर आहे ती नजरही हातची जाईल. हे त्यांनी चाचांना समोर बसवून, सावकाश, दोनदा सांगितलं. मी तिथे होते.

त्यांचा एकुलता मुलगा आखातात एका कंपनीच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक होता. आईचं कळल्यावर तो मे महिन्याच्या रजेत आला आणि येताच एक नवी कोरी फोर व्हील ड्राइव्हची व्हॅन घेऊन दारात उभा राहिला. उंच, पांढरी, चारही चाकं ओढणारी. "अब्बा, ही चिखलात चालते, घाटात चालते, पान्यात चालते," तो बापाला फिरवून फिरवून दाखवत होता. "ती म्हातारी आता इकून टाक. घाट चढायची नाय ती." चाचांनी बॉनेट उघडून बघितलं, चारही टायर दाबून बघितले आणि म्हणाले, "चांगली हाय." यापेक्षा जास्त ते एखाद्या जहाजाबद्दलसुद्धा बोलले नसते.

मे महिन्यातली लेझरची पहिली खेप मुलानेच केली. खालाला पुढच्या सीटवर चढवताना त्याला अक्षरशः उचलावं लागलं. ती आता डावीकडे बसली, चारचौघांसारखी. लेझर झालं. डॉक्टरांनी जूनची तारीख दिली. जूनच्या सुरुवातीला मुलगा परत गेला. जाताना मला म्हणाला, "ताई, तुमी हायात म्हनून जातो. जूनची खेप चुकवू देऊ नका."

तो गेला त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी ऑफिसमधून आले आणि फाटकातच थांबले. अंगणात जुनी गाडी चिऱ्यांवर चढलेली होती, झापांखाली. आणि तिच्या शेजारी, तशाच चार चिऱ्यांवर, चाकं काढलेली, झापं घातलेली, दोऱ्यांनी आवळलेली नवी गाडी.

मी पिशवी टाकून ओरडलेच. "चाचा, हे काय केलंत? खालांची तारीख आहे!"

"पाऊस लागला, बाय. आता नारली पुनवेनंतर."

"डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं. दोन म्हयन्यानं काय होतंय? एवडी वर्सं डोले हायत."

"ही गाडी आहे चाचा, होडी नाही! तुम्ही स्वतः जन्मभर पावसात जहाजावर होतात!"

ते दोरी आवळायचे थांबले. "ती कंपनीची जहाजं. कंपनीनं सोडलं, आमी सुटलो. मेलो असतो तर कंपनीचा मेलो असतो. घरची मानसं घेऊन पावसात कोन सुटतंय?" आणि पुन्हा गाठ मारायला लागले.

मी खालाकडे गेले. म्हटलं, गाडी गेली खड्ड्यात, मी रजा काढते, आपण एसटीने जाऊ. ती भाकऱ्या थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तू शिकलेली हायस, तुना कलतंय. मना बी कलतंय. पन ऐक." मग तिने सांगितलं. चाचांचा बाप पडावाचा तांडेल, म्हणजे कप्तान, होता. शिडाचा पडाव, कौलं वाहायचा. एका वर्षी कौलांच्या व्यापाऱ्याने घाई केली म्हणून तो नारळी पौर्णिमेच्या आधी सुटला. सोबत थोरला मुलगा होता. जयगडच्या पुढे कुठेतरी पडाव गेला. कौलं गेली, माणसं गेली, फळीसुद्धा परत आली नाही. चाचा तेव्हा सात-आठ वर्षांचे होते. त्यांची आई पौर्णिमेपर्यंत रोज खाडीवर जाऊन उभी राहायची.

"म्हणून तुम्ही डोळे घालवणार?" मी म्हटलं.

"एसटीनं गेले तरी हे मना एकटीला सोडनार नायत. मागनं येतील. घाटात काय झालं म्हंजे?" तिने तव्यावरची भाकरी उलटली. "डोला गेला तर माझा जाईल. हे गेले तर मी काय करू डोल्यांचं?"

मी ऑफिसमधून मुलाला फोन लावून सांगितलं. त्याने घरी फोन केला, वर माझ्या खोलीत ऐकू येईल एवढा ओरडला. चाचा "व्हय, व्हय" म्हणत राहिले आणि रिसिव्हर ठेवून अंगणात गेले. जुलैमध्ये आंबा घाटात दरड कोसळली, दोन दिवस रस्ता बंद होता. बातमी वर्तमानपत्रात आली तेव्हा त्यांनी पेपर माझ्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर आणून ठेवला. तिसऱ्या दिवशी रस्ता सुरू झाला ती बातमी मी त्यांच्या खुर्चीवर ठेवली. तिचा काही परिणाम झाला नाही.

त्या महिन्यात मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. खिडकीतून खाली बघितलं की झापांचे ते दोन ढीग दिसायचे आणि माझं डोकं फिरायचं. चालणाऱ्या दोन गाड्या दारात आणि आत एक बाई भिंतीला हात लावून चालतेय.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी नव्या गाडीची चाकं बसवली आणि आम्ही कोल्हापूरला गेलो. डॉक्टरांनी बराच वेळ बघितलं. उजव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं, आतला पडदा सुटला होता. तो डोळा गेला होता. "डावा अजून आहे," ते म्हणाले. मग पेन टेबलावर ठेवून त्यांनी चाचांना विचारलं, "जून-जुलैत का आला नाहीत? गाडी नव्हती का?"

चाचा उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "होत्या," म्हणाले. "दोन होत्या."

परतताना घाटात मी काहीतरी तोडून बोलेन असं मला वाटलं होतं, महिनाभर मनात जुळवून ठेवलं होतं. पण त्यांच्याकडे बघून माझी जीभ उचलली नाही. घरी आल्यावर ते खुर्चीवर बसले ते दिवेलागणीपर्यंत. खालाने पेला भरून चहा आणून दिला. अगदी काठोकाठ भरलेला, अंदाज चुकला होता तिचा. त्यांनी तो थेंबही न सांडता प्यायला आणि मान खाली घातली.

दर महिन्याची खेप मग चुकली नाही. आणि थंडीत, डॉक्टरांना विचारून, त्यांनी जुनी गाडी काढली. मिस्त्रीने आधी आठवडाभर तिच्यात हात घातला होता. मलाही चल म्हणाले. चिपळूणवरून, गुहागरवरून, रडत-रखडत, मधे दोनदा पाणी ओतत आम्ही अंजनवेलला पोचलो. खाला उजवीकडे तिच्या जागी बसली होती. गाव आल्यावर डावा डोळा बारीक करून सांगत होती, हे अमक्याचं घर, इथे विहीर होती, ही भिंत नवी दिसते. गोपाळगडाखाली गाडी उभी केली. तिने शेगडीवर चहा ठेवला. लांब टोकावर दीपगृह दिसत होतं.

चाचा म्हणाले, "मुंबईसनं कोचीला जाताना ही बत्ती दिसायची. मी डेकवर येऊन बगायचो. म्हनायचो, बत्तीच्या ह्या अंगाला तुझं म्हायेर, त्या अंगाला तू."

"मना कदी सांगितलं नाय," खाला म्हणाली.

"आलो की जायची घाई असायची."

तिने रिकाम्या कपबशा गोळा केल्या. मग म्हणाली, "आता माझं म्हायेर झालं. गाडी दिऊन टाका."

चाचांनी तिच्याकडे बघितलं. मीही बघितलं. तिच्या इतक्या आवडीची जागा ती होती.

"हिला घाट चढवत नाय," ती म्हणाली. "आनि तुमाला दोनी सांभालवत नायत. हिच्यापायी तुमी त्या नव्या गाडीला बी चिऱ्यांवर चढवलीत. एकच ठेवा. पावसात चालते ती."

आवाज चढवला नव्हता. दोष दिला नव्हता. कपबशा विसळायला मोरीशी वळली. मला वाटतं, त्या पावसाळ्याबद्दल ती त्यांना तेवढंच बोलली.

मे महिन्याच्या शेवटी त्यांनी जुनी गाडी नव्या गाडीला दोरीने बांधली आणि पावसला ओढत नेऊन बागायतदाराच्या कलमांत परत उभी केली. पडदे, टेबल, शेगडी, सगळं तसंच ठेवलं. गुरख्यांना उपयोगी पडेल म्हणाले. मग मृग लागला. खाडीतल्या होड्या वर आल्या. आळीतली दोन माणसं नेहमीप्रमाणे झापं घेऊन फाटकाशी आली आणि विचारू लागली, कुठे घालायची? चाचा नव्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे होते. मी वरून बघत होते. शेवटी म्हणाले, "कोंबड्यांवर घाला."

जूनच्या अखेरीच्या खेपेला मी रजा काढून बरोबर गेले. पहाटेपासून कोसळत होतं. चाचांनी कपडे घातले ते ईदला घालतात तसे, धुतलेले. गाडीत बसायच्या आधी त्यांनी घराकडे वळून बघितलं आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटले. हातखंब्यापर्यंत त्यांनी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. साखरप्याला चहाला थांबलो तेव्हा त्यांना पेला धरता येईना. मी धरला.

घाटाच्या पायथ्याशी रस्त्यावर लाल चिखल आला होता. दरड म्हणावी एवढी नाही, पण एक एसटी आणि दोन ट्रक थांबून होते. चाचांनी गाडी थांबवली. मी मनात म्हटलं, आता फिरवणार. खाला समोर बघत होती. चाचांनी मुलाने दाखवलेली दांडी हळूच पुढे सारली. गाडी चिखलात शिरली, थोडी घसरली, धरली आणि चारही चाकांनी ओढत पलीकडे आली. पलीकडे आल्यावर त्यांनी ती पुन्हा थांबवली. कपाळ पुसलं.

"माझ्या बापसाकडं असलं काय नव्हतं," ते म्हणाले. आणि गाडी पुढे घेतली.

डॉक्टरांनी डावा डोळा तपासला. आहे तसा आहे, म्हणाले. येत राहा. चाचांनी ते वाक्य त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

येताना दुपार उलटली होती. घाटमाथ्यावर पाऊस जरा निवला आणि धुकं वर उचललं गेलं. कड्यांवरून जागोजाग पाणी खाली येत होतं. खाला काचेला नाक लावून बसली होती. तिने काच खाली केली. थेंब आत आले.

"असा असतो काय हितला पाऊस," ती म्हणाली. "मी आपली कौलांवरचा ऐकत बसले सगला जनम." आणि मग, एखाद्या लहान मुलीसारखी, "थांबवा ना जरा."

घाटात, पावसात, कड्याखाली थांबायचं. मी चाचांकडे बघितलं. त्यांनी रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली, ब्रेक लावला, उतरले, भिजत पलीकडच्या बाजूला आले आणि तिचं दार उघडून धरलं. खाला दारात पाय सोडून बसली. समोरून पाणी पडत होतं, खाली दरीत झाडं हिरवीगार झाली होती, तिची ओढणी भिजून केसांना चिकटली होती. ती बघत राहिली.

चाचांनी एकदाही मागे वळून त्या पाण्याकडे बघितलं नाही. तिच्या समोर पावसात उभे राहून ते तिच्या डाव्या डोळ्याकडे बघत होते.